केस कापले की कापून घेतले? बडोदेकरांसाठी इंग्रजीतला कॉझेटिव्ह

"आय कट माय हेअर यस्टर्डे." बडोद्यात इंग्रजी संभाषणाच्या कुठल्याही वर्गात बसा, हे वाक्य कानावर पडणारच. बोलणाऱ्याला सांगायचं असतं की काल सलूनमध्ये जाऊन आलो. ऐकणारा इंग्रज मात्र समजतो की या गृहस्थांनी आरशासमोर उभं राहून स्वतःच्या डोक्यावर स्वतःच कात्री चालवली. वाक्यात व्याकरणाची चूक एकही नाही. म्हणूनच ते कोणी सुधारत नाही आणि जिभेवर पक्कं बसतं.

मराठीत आपण काम कोणी केलं याचा हिशेब फारसा देत नाही. "दाढ काढली", "रक्त तपासलं", "दिवाळीआधी घराला रंग दिला", "लग्नासाठी चार ब्लाउज शिवले" एवढं म्हटलं की भागतं. दाढ डेंटिस्टने काढली आणि ब्लाउज शिंप्याने शिवले हे समोरच्याला वेगळं सांगावं लागत नाही. स्पष्ट करायचंच असेल तर 'शिवून घेणे', 'करवून घेणे' आहेच आणि शाळेत शिकलेलं प्रयोजक क्रियापदही आहे, पण सक्ती कसलीच नाही. इंग्रजी इथे कडक आहे. गैरसमजाला जागा असेल तिथे हात दुसऱ्याचा होता हे वाक्याच्या रचनेतच दिसावं लागतं. त्या रचनेचं नाव कॉझेटिव्ह.

यात बडोदेकराला पुणेकरापेक्षा एक आयती सोय आहे, ती म्हणजे गुजराती. दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात वाढलेल्या मराठी माणसाच्या तोंडी "वाळ कपाव्या", "कपडां सिवडाव्यां", "गाडी रिपेर करावी" सहज येतं. "वाळ काप्या" असं कोणी म्हणालं तर पानवालासुद्धा हसेल. तेव्हा अडलात की वाक्य आधी मनात गुजरातीत म्हणून बघा. क्रियापदात तो 'आव' किंवा 'डाव' डोकावला, की इंग्रजीत बहुधा 'हॅव' किंवा 'गेट' लागणार. ही युक्ती दहातल्या दहा वेळा चालत नाही. कुठे फसते ते पुढे येईलच.

इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत. ती डोळ्यांनी वाचू नका, तोंडाने म्हणा. हा प्रकार कानाने आधी बसतो, नियम नंतर.

पहिली पायरी: हात कोणाचा ते ठरवा

उत्तरायणाच्या आधीचे दिवस आठवा. गेंडीगेटकडे जाताना रस्त्याच्या कडेला दोन खांबांमध्ये पतंगाच्या दोऱ्याचे पदर ताणलेले असतात, कारागीर गुलाबी लगद्याचा गोळा मुठीत धरून या टोकाकडून त्या टोकाकडे जातो, परत येतो, आणि दोरा सुकला की फिरकीवर चढतो. आपण बाजूला स्कूटर लावून उभे असतो. घरी आल्यावर म्हणतो, "दोरी रंगवली." इंग्रजीत "वी कोटेड अवर काइट स्ट्रिंग" म्हटलं तर तो लगदा तुमच्या मुठीत आला. म्हणायला हवं, "वी गॉट अवर काइट स्ट्रिंग कोटेड."

इंग्रजी वाक्य सुरू करण्याआधी एवढाच प्रश्न विचारायचा: कामाला हात माझा लागला का? लागला असेल तर साधं वाक्य. काम आपण सांगितलं, ठरवलं किंवा पैसे दिले, पण केलं दुसऱ्याने, तर कॉझेटिव्ह.

दुसरी पायरी: वस्तू आधी, तिसरं रूप शेवटी

सगळ्यात जास्त लागणारा साचा असा: कर्ता, मग 'हॅव', मग ज्यावर काम झालं ती वस्तू, आणि शेवटी क्रियापदाचं तिसरं रूप. गो-वेंट-गॉन पाठ केलंत त्यातलं तिसरं.

"आय हॅड माय हेअर कट."
"शी हॅड हर आइज टेस्टेड."
"वी आर हॅविंग द हाउस पेंटेड."
"दे विल हॅव द कार सर्व्हिस्ड नेक्स्ट वीक."

काळ बदलला की फक्त 'हॅव' बदलतो. शेवटचं तिसरं रूप जागचं हलत नाही. रंगाचं काम आज चालू असो, गेल्या वर्षी झालेलं असो की पुढच्या दिवाळीला काढायचं असो, 'पेंटेड' ते 'पेंटेड'च.

आता या विषयातला सगळ्यात मोठा खड्डा. ही दोन वाक्यं ओळीने म्हणा:

"आय हॅड माय हेअर कट."
"आय हॅड कट माय हेअर."

शब्द तेच, जागा बदलली. पहिल्यात केस दुसऱ्याने कापले. दुसऱ्यात मीच कापले होते, तेही कशाच्या तरी आधी, कारण तो पूर्ण भूतकाळ झाला. मराठीत शब्द इकडचे तिकडे केले तरी विभक्ती अर्थ सांभाळून नेते, त्यामुळे क्रमाकडे लक्ष द्यायची आपल्याला सवय नाही. इंग्रजीत क्रम हीच विभक्ती. बोलताना आवाजाचा जोरही वेगळा पडतो: पहिल्या वाक्यात तो 'हेअर'वर येतो, 'कट' हलकेच म्हटलं जातं. 'हॅड माय हेअर कट' एका दमात म्हणायची सवय लावली की जागा आपोआप सांभाळली जाते.

तिसऱ्या रूपाच्या शेवटाकडेही लक्ष असू द्या. 'चेक्ट', 'फिक्स्ट', 'स्टिच्ट' यांच्या शेवटी 'ट' आहे, 'रिपेअर्ड'च्या शेवटी 'ड', आणि 'पेंटेड', 'टेस्टेड' मध्येच 'एड' पूर्ण ऐकू येतो. 'चेकेड', 'रिपेअरेड' असं म्हणू नका. आणि घाईत शेवटचा आवाज गिळलात तर "गॉट माय बाइक रिपेअर" एवढंच उरतं, जे वाक्यच नाही.

तिसरी पायरी: 'हॅव' की 'गेट'

"आय हॅड माय बाइक रिपेअर्ड" आणि "आय गॉट माय बाइक रिपेअर्ड" यात आकाशपाताळाचा फरक शोधणारी पुस्तकं आहेत. मला तो फारसा पटत नाही. घरच्या गप्पांत 'गेट' जास्त, लेखी आणि जरा औपचारिक ठिकाणी 'हॅव'. शिवाय 'गेट'मध्ये थोडी धडपड ऐकू येते: चार खेपा घातल्या, मागे लागलो, एकदाचं काम झालं. "आय फायनली गॉट द गीझर फिक्स्ट" या वाक्यात मिस्त्रीला किती फोन केले ते न सांगता कळतं. कोणाला सल्ला द्यायचा असेल तेव्हाही 'गेट'च: "गेट युअर आइज टेस्टेड."

अडलात तर बोलताना 'गेट', लिहिताना 'हॅव'. एवढ्यावर वर्षभर निभतं.

काम कोणाकडून करून घेतलं ते सांगायचं तर 'बाय'. आपलं 'कडून' डोक्यात असल्यामुळे "आय गॉट इट स्टिच्ट फ्रॉम माय टेलर" असं सर्रास बोललं जातं. आपल्याकडे ते खपतंही, पण प्रमाण इंग्रजीत 'बाय माय टेलर' किंवा, दुकान डोळ्यापुढे असेल तर, 'अॅट द टेलर्स'. बहुतेक वेळा मात्र हे सांगायची गरजच नसते. केस न्हावीच कापतो. हाच 'बाय' वेळेसाठीही येतो: "आय नीड टु गेट इट डन बाय फ्रायडे", म्हणजे शुक्रवारपर्यंत. शुक्रवारकडून नव्हे.

चौथी पायरी: माणसाचं नाव घेऊन

इथे सयाजीरावांना बोलवावं लागेल. राजा स्वतः वीट रचत नाही, करवून घेतो, त्यामुळे महाराजांच्या कारकिर्दीत या धड्याची सगळी उदाहरणं सापडतात. लक्ष्मीविलास पॅलेसचा आराखडा चार्ल्स मँट यांचा. ते 1881 साली वारले, पुढचं काम रॉबर्ट चिझम यांनी पाहिलं आणि 1890 साली राजवाडा पूर्ण झाला. "सयाजीराव हॅड द पॅलेस डिझाइन्ड बाय चार्ल्स मँट." हा आतापर्यंतचा साचा झाला: वस्तू मध्ये, तिसरं रूप शेवटी.

पण माणूस मध्ये आला की रचना पालटते. 1910 साली महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणले आणि संस्थानातल्या ग्रंथालयांची घडी त्यांच्याकडून बसवून घेतली. "सयाजीराव हॅड बॉर्डन ऑर्गनाइझ द लायब्ररीज." इथे 'ऑर्गनाइझ' हे पहिलं रूप आहे. 'टु' नाही, 'एड' नाही, काळ भूत असूनही 'ऑर्गनाइझ्ड' नाही. मधे वस्तू असेल तर तिच्यावर काम होतं, म्हणून तिसरं रूप. मधे माणूस असेल तर तो काम करतो, म्हणून पहिलं.

तेच 'गेट'ने म्हणायचं तर मध्ये 'टु' घालावा लागतो. राजा रविवर्म्यांकडून महाराजांनी पौराणिक चित्रं काढून घेतली: "ही गॉट रविवर्मा टु पेंट सीन्स फ्रॉम द पुराणाज." 'हॅव' आणि माणूस असेल तर 'टु' नाही, 'गेट' आणि माणूस असेल तर 'टु' हवाच. याला कारण विचारू नका, भाषेची खोड आहे ती. अर्थाची छटा मात्र वेगळी आहे. 'हॅव'मध्ये हुकूम किंवा नेमून दिलेलं काम असतं, नोकर, कारागीर, हाताखालचा माणूस यांच्यासाठी. 'गेट'मध्ये मनवणं असतं. म्हणून भावाने स्टेशनवर सोडलं तर "आय हॅड माय ब्रदर ड्रॉप मी" म्हटल्यावर भाऊ ड्रायव्हर झाल्यासारखा वाटतो. "आय गॉट माय ब्रदर टु ड्रॉप मी" हे घरातलं वाक्य. 'हॅव'चा हा माणसासकटचा वापर अमेरिकेत जास्त, इंग्लंडमध्ये कमी. ऐकणारा कुठल्या देशातला आहे ते पाहून ठरवा.

एक सावधगिरी. "आय टोल्ड द प्लंबर टु फिक्स द टॅप" म्हणजे मी सांगितलं. नळ दुरुस्त झाला की नाही, देव जाणे. "आय गॉट द प्लंबर टु फिक्स द टॅप" म्हणजे झाला.

पाचवी पायरी: 'मेक' आणि 'लेट'

सयाजीरावांनी 1906 साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होता. हे झालं 'मेक': "ही मेड पेरेंट्स सेंड देअर चिल्ड्रन टु स्कूल." पुन्हा पहिलं रूप, पुन्हा 'टु' नाही. 'सेंड'च्या आधी तो शिरू देऊ नका. पुढचा 'टु स्कूल' वेगळा.

'मेक'मध्ये दंडाचा वास आहे हे लक्षात ठेवा, म्हणजे "आय मेड माय टेलर टु स्टिच अ ब्लाउज" हे वाक्य दोनदा का चुकतं ते कळेल. 'टु' तर चुकलाच, शिवाय तुम्ही त्या बिचाऱ्या शिंप्यावर जबरदस्ती केली असाही अर्थ झाला. हसवणं, रडवणं, विचारात पाडणं यांत मात्र सक्ती नसते आणि तिथेही 'मेक'च: "दॅट प्ले मेड मी क्राय."

कर्मणी प्रयोगात हाच हरवलेला 'टु' परत येतो: "आय वॉज मेड टु वेट." सरकारी कचेरीतून परतल्यावर कामाला येणारं वाक्य.

'लेट' म्हणजे करू देणे. साचा 'मेक'सारखाच: "माय मदर डिडंट लेट मी गो." त्याचा कर्मणी प्रयोग करायच्या फंदात पडू नका. तिथे 'वॉज अलाउड टु' वापरा.

आता ती फसणारी जागा. मराठीत आणि गुजरातीत 'शिकणे-शिकवणे', 'पाहणे-दाखवणे', 'उठणे-उठवणे', 'खाणे-भरवणे' अशा जोड्या आहेत. गुजरातीतलं 'शीखवाडवुं', 'बताववुं'ही त्याच घरातलं. यांचा अर्थ प्रयोजक असला तरी इंग्रजीने त्यांना स्वतंत्र शब्द दिलेत: टीच, शो, वेक अप, फीड. म्हणून "ही मेड मी सी हिज न्यू फ्लॅट" म्हणजे ओढून नेऊन दाखवला. साधं दाखवलं असेल तर "ही शोड मी." अशी क्रियापदं आली की हॅव-गेट-मेक सगळं विसरून नेमका शब्द आठवायचा.

प्रश्न आणि नकार

इथला 'हॅव' मुख्य क्रियापद असतो, म्हणून प्रश्नात 'डू'-'डिड' लागतात. "डिड यू हॅव युअर आइज टेस्टेड?" बरोबर, "हॅड यू युअर आइज टेस्टेड?" नको. "आय डिडंट हॅव इट रिपेअर्ड" बरोबर. पूर्ण वर्तमानात दोन 'हॅव' शेजारी येतात तेव्हा दचकू नका: "आय हॅव हॅड माय पासबुक अपडेटेड." पहिला काळाचा, दुसरा कॉझेटिव्हचा.

कुठे गरज नाही

हा धडा शिकल्यावर पुढचा महिनाभर लोक प्रत्येक वाक्यात 'गॉट' घालतात. तेवढी घाई नको. "सयाजीराव बिल्ट द पॅलेस" हेही चोख इंग्रजी आहे, कारण महाराजांनी हातात थापी घेतली असं कोणालाच वाटणार नाही. "वी बिल्ट अ हाउस इन मांजलपूर" तसंच. "आय रिन्यूड माय पासपोर्ट" इंग्रजही म्हणतात. खबरदारी घ्यायची ती जिथे काम तुम्ही खरंच स्वतः केलेलं असू शकतं तिथे: केस, शिवण, रंग, दुरुस्ती, स्वयंपाक.

नाम वापरून निसटायची वाटही आहे. "आय हॅड अ हेअरकट", "शी हॅड अ ब्लड टेस्ट", "माय फादर हॅड ॲन ऑपरेशन." सोपं आणि शंभर टक्के शुद्ध. आपल्या ज्येष्ठ मंडळींनी तर हेच आधी शिकावं, कारण "आय डिड माय ऑपरेशन" ऐकून परदेशातला डॉक्टर खुर्चीवरून उठेल.

अजून एक: हाच साचा नुकसानीसाठीही वापरतात. "आय हॅड माय फोन स्टोलन" म्हणजे मी चोर नेमून चोरवला नाही, माझा फोन चोरीला गेला. इथे 'हॅड' म्हणजे 'माझ्यावर ओढवलं'. 'गॉट' टाळलेला बरा, त्यात स्वतःच्याच हलगर्जीपणाची किंचित छटा येते.

आयल्ट्स देणाऱ्यांसाठी

आयल्ट्स या इंग्रजीच्या चाचणीतली तोंडी परीक्षा 11 ते 14 मिनिटांची. तिचे तीन भाग, आणि गुण चार गोष्टींवर: ओघ, शब्दसंग्रह, व्याकरण, उच्चार. व्याकरणात शुद्धतेइतकंच वैविध्यही पाहतात, म्हणून योग्य जागी आलेला कॉझेटिव्ह उपयोगी पडतो. दुसऱ्या भागात कार्ड मिळतं, तयारीला एक मिनिट, बोलायला एक ते दोन. समजा विषय आला की घरात काहीतरी बिघडलं आणि दुरुस्त झालं. त्या एका मिनिटात कागदावर वाक्यं लिहीत बसू नका, फक्त हात कोणाचे ते लिहा: मी, भाऊ, मिस्त्री. मग बोलताना:

"अवर मिक्सर स्टॉप्ड वर्किंग जस्ट बिफोर गणपती. आय ट्राइड टु फिक्स इट मायसेल्फ, बट आय कुडंट. सो आय गॉट माय ब्रदर टु टेक इट टु अ शॉप निअर मांडवी. द मेकॅनिक मेड हिम वेट फॉर टू आवर्स, बट वी गॉट इट रिपेअर्ड द सेम डे."

यात सर्वात मोलाचं वाक्य दुसरं आहे. 'मायसेल्फ' आल्यामुळे पुढचे 'गॉट' आणि 'मेड' मुद्दाम घुसडल्यासारखे वाटत नाहीत. एका उत्तरात दोन-तीन पुरे. पाठ केलेलं परीक्षकाला लगेच ओळखू येतं.

सराव

ही वाक्यं आधी स्वतः इंग्रजीत करा, मग खाली पाहा.

काकूंनी खंडेराव मार्केटजवळ चष्मा बनवून घेतला. आई मला रोज दूध प्यायला लावायची. तुम्ही फ्लॅटला रंग देऊन घेताय का? बाबांनी शेजारच्या दादाकडून फॉर्म भरून घेतला. मी स्वतःच पंखा दुरुस्त केला.

पहिलं: "काकू हॅड हर ग्लासेस मेड निअर खंडेराव मार्केट." दुसरं: "माय मदर यूज्ड टु मेक मी ड्रिंक मिल्क एव्हरी डे." तिसरं: "आर यू हॅविंग द फ्लॅट पेंटेड?" किंवा 'गेटिंग'. चौथ्याला दोन उत्तरं: "बाबा गॉट द बॉय नेक्स्ट डोअर टु फिल इन द फॉर्म" आणि "बाबा गॉट द फॉर्म फिल्ड इन." दादाला श्रेय द्यायचं असेल तर पहिलं. पाचव्यात कॉझेटिव्ह नाहीच: "आय फिक्स्ट द फॅन मायसेल्फ." तिथे 'गॉट' घातलात तर पहिल्या पायरीवर परत जा.